तानपुऱ्याचा भोपळा विमानप्रवासात दर वेळी त्याच जागी तडकतो: कारणं आणि उपाय

दौऱ्याहून परतल्यावरची ही ठरलेली तक्रार. वाद्य ठेवायची कडक केस बाहेरून धड, तिच्या कड्या शाबूत, आणि उघडल्यावर भोपळ्याच्या बुडाशी बारीक तडा. कधी गळ्याच्या, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या भागाच्या, सांध्यात दोऱ्याएवढी फट, कधी घोडी (तारा जिच्यावरून जातात ती) तिरकी होऊन तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या लाकडी झाकणावर, ओरखडा. वाद्य मिरजेला, कारागिरांकडे, जाऊन दुरुस्त होऊन येतं आणि पुढच्या प्रवासात तडा पुन्हा तिथेच पडतो. मग आणखी जाड, आणखी महाग केस घेतली जाते. तिच्यातही तेच होतं.

याचं कारण, वाद्य मोडतं ते केसच्या आतल्या मोकळ्या जागेमुळे. ट्रॉलीवरून किंवा विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्याच्या टोकावरून केस गुडघाभर उंचीवरून पडली तरी ती जमिनीला टेकून क्षणात थांबते. आतलं वाद्य मात्र थांबलेलं नसतं. त्याचा जो भाग टेकलेला असतो तो थांबतो, बाकीचा पुढे जात राहतो, आणि या दोघांच्या मधला सांधा तो झटका सोसतो. कवच कितीही कडक असो, आत चार बोटं जागा मोकळी असेल तर वाद्य त्याच कवचावर जाऊन आदळणार. म्हणून पैसे केसच्या पत्र्यावर किंवा फायबरवर घालण्याआधी आतल्या फोमवर घाला.

आणखी एक गैरसमज. विमानाच्या पोटात उणे चाळीस-पन्नास तापमान असतं, हवेचा दाब नसतो, म्हणून वाद्य फुटतं, असं अनेकजण सांगतात. प्रवासी विमानाच्या सामानकक्षात दाब केबिनइतकाच असतो. गारवा असतो, पण तो बाहेरच्या हवेसारखा जीवघेणा नसतो. खरा त्रास उष्णतेचा आणि कोरडेपणाचा. एप्रिल-मेमध्ये धावपट्टीशेजारी उन्हात थांबलेल्या ट्रॉलीवर केस इतकी तापते की सरसानं चिकटवलेले सांधे मऊ पडू शकतात. लांबच्या उड्डाणात केबिनमधली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि लाकूड आक्रसतं.

तडा कुठे आहे ते आधी पाहा

भोपळ्याच्या अगदी बुडाला तडा असेल तर केस उभी ठेवली गेली किंवा उभी आपटली, आणि सगळं वजन भोपळ्याच्या टोकावर आलं. भोपळा हे वाळलेलं फळ आहे. दाब चौफेर पसरला तर तो बराच सोसतो, एका बिंदूवर आला तर अंड्यासारखा फुटतो.

भोपळ्याच्या बगलेला आत दबलेला तडा असेल तर केसमध्ये काहीतरी सुटं होतं: तारांचं रीळ, ट्यूनर, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, चार्जर. ही कारणं फार साधी आहेत, म्हणूनच सगळ्यात जास्त दुर्लक्षित. केसच्या आत वाद्याखेरीज काहीही नको, वरच्या जाळीच्या खिशातसुद्धा नाही.

गळ्यात फट असेल तर दांडी हलली. खुंट्यांचं टोक जड असतं आणि दांडी लांब. केस आडवी आपटली की हे टोक झुलतं आणि तरफेसारखा सगळा जोर गळ्याच्या सांध्यावर येतो. दांडीखाली आधार नसलेल्या केसमध्ये हे होणारच.

खुंटीजवळ दांडीला चीर असेल तर खुंटीचं डोकं झाकणाला किंवा केसच्या भिंतीला ठेकलं आणि खुंटी पाचरीसारखी आत घुसली. घोडी सरकली असेल तर तारा पूर्ण ढिल्या केल्या होत्या. तबली खचली असेल तर उलट: तारा भर सुरात ठेवल्या आणि वरून उष्णता किंवा झाकणावर ओझं आलं. पॉलिशवर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटले असतील तर बबलचा कागद थेट वाद्याला गुंडाळला होता. लाखेचं पॉलिश उन्हात मऊ होतं आणि प्लास्टिकचा ठसा घेऊन बसतं. तो ठसा पुसून जात नाही, पॉलिश नव्यानं मारावं लागतं.

आणि तडा दर वेळी त्याच जागी येत असेल तर केसमधला त्या जागेचा फोम दाबून पाहा. एकदा जोरात आपटलेला मऊ फोम पुरता वर येत नाही. डोळ्यांना तो जाड दिसतो, पण अंगठ्यानं दाबलं तर तिथे तळ लगेच लागतो. दुरुस्ती वाद्याची होते, फोमची कोणी करत नाही.

तानपुरा: आतली तयारी

फोम दोन प्रकारचा लागतो. वजन पेलायला ईपीई, म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा, हलका, दाबल्यावर पटकन न खचणारा फोम. घनमीटरला साधारण २५ ते ३० किलो घनतेचा. वाद्याला टेकायला गादीचा फोम, ३२ किंवा ४० डेन्सिटीचा. नुसता गादीचा फोम वापरला तर जोरात आपटल्यावर तो पुरता दबतो आणि तळ लागतो. नुसता ईपीई वापरला तर तो फार कडक पडतो. थर्माकोल नको: तो एका आपटण्यात चुरा होतो आणि मग सगळीच जागा मोकळी. गादीचा फोम नाशिकमध्ये कोणत्याही गादीवाल्याकडे मापानं कापून मिळतो. ईपीईच्या जाड पाट्यांसाठी सातपूर-अंबडकडच्या पॅकेजिंगवाल्यांकडे विचारा.

एक खास नाशिकची सूचना. द्राक्षांची निर्यातीची रिकामी खोकी आणि त्यातला बबलचा कागद घरोघरी पडलेला असतो आणि वाद्याच्या पॅकिंगला उचलला जातो. द्राक्षांत तो चालतो, कारण तिथे वजन तळावर सारखं पसरलेलं असतं. तानपुऱ्यात ते एका टोकाला असतं. शिवाय त्या खोक्यांत द्राक्षं टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद ठेवलेले असतात. तो वायू ओलाव्याशी मिळून पोलादी आणि पितळी तारा काळ्या पाडतो. ते सामान वाद्याजवळ आणूच नका.

केसची आतली लांबी वाद्यापेक्षा किमान दहा सेंटिमीटर जास्त हवी, दोन्ही टोकांना पाच-पाच. तळाशी पाच सेंटिमीटर ईपीई, त्यावर अडीच सेंटिमीटर गादीचा फोम. आता आधार कुठे द्यायचे हे महत्त्वाचं. दांडीला दोन जागी ईपीईचे घोडे ठेवा, म्हणजे वरून इंग्रजी यू अक्षरासारखी खाच कापलेले ठोकळे, दहा-बारा सेंटिमीटर रुंद. पहिला गळ्यापासून चार बोटं वर, दुसरा खुंट्यांच्या अलीकडे. खाचेला आतून मऊ फोम चिकटवा. वाद्य या दोन घोड्यांवर बसलं पाहिजे.

भोपळ्यासाठी वाटीसारखा खड्डा करा. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या पाट्या घ्या, प्रत्येकीत आधीपेक्षा थोडं लहान वर्तुळ कापा, आणि मोठं भोक वर, लहान खाली अशा एकावर एक चिकटवा. भोपळा या वाटीत सगळीकडून हलका टेकावा, पण त्याच्या बुडाच्या टोकाखाली तीन-चार सेंटिमीटर पोकळी राहावी. केस उभी झाली की वजन टोकावर न येता भोपळ्याच्या खांद्यावर आणि दांडीच्या घोड्यांवर आलं पाहिजे. पाहायचं कसं? केस उघडी ठेवून सावकाश उभी करा, दुसऱ्यानं वाद्य हातानं सावरायचं. भोपळा खाली घसरत असेल तर गळ्याजवळचा घोडा ढिला आहे.

खुंट्यांच्या दोन्ही बाजूंना आणि वर तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. इथे मोकळी जागा मुद्दाम आहे, कारण खुंट्यांना कशाचाही स्पर्श नको. दांडी धरलेली असल्यानं त्या हलणार नाहीत.

तारा किती उतरवायच्या यावर वाद होतो. तबली वर्षानुवर्षं घोडीच्या दाबाखाली बसलेली असते. तो दाब एकदम काढला तर घोडी तर सरकतेच, पण जवारीही, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा गुंजता नाद, बदलते. भर सुरात ठेवल्या तर सांध्यावर आधीच ताण असतो आणि झटक्याची भर पडते. मधला मार्ग: चारही तारा सारख्याच, चार-पाच स्वर खाली. एक तार पूर्ण सैल आणि बाकीच्या ताठ असं कधीही करू नका. उतरवण्याआधी घोडीच्या चारही कोपऱ्यांशी तबलीवर मऊ पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि जवारीच्या सुताची जागा मोबाइलवर टिपून ठेवा. तारांतले सूर लावायचे मणी खाली सरकवून त्यांच्याखाली सुती कापडाची घडी घाला, नाहीतर प्रवासभर तेच तबली ओरबाडत राहतात. घोडीवरून सुती पट्टी घेऊन भोपळ्याभोवती हलकी बांधा. तबलीवर चिकटपट्टी लावू नका, निघताना पॉलिश घेऊन निघते.

सगळ्यात आत जुनी, धुतलेली मलमल किंवा धोतराचं कापड. त्यावर फोम. प्लास्टिक लावायचंच असेल तर ते सगळ्यात बाहेर, केसच्या वर.

झाकण लावल्यावर केस दोघांनी धरून हलवा, कान लावा. काहीही खुळखुळलं तर उघडा. मग सावकाश पालथी करा, एक मिनिट तशीच ठेवा, सरळ करून उघडा. वाद्य बोटभरही सरकलेलं असेल तर झाकणाच्या बाजूचा फोम कमी पडतोय. झाकणाचा फोम बंद करताना हलका दाबला जायला हवा. जोर लावून कडी लावावी लागत असेल तर जास्त झाला.

प्लायचा खोका करून घेणारेही आहेत. सहा मिलिमीटर प्लायचा, दीड मीटर बाय अर्धा मीटर बाय अर्धा मीटर खोका रिकामाच तेरा-चौदा किलो भरतो, पट्ट्या-बिजागऱ्या वेगळ्या. देशांतर्गत विमानात मोफत सामानाची मर्यादा साधारण पंधरा किलो असते, तेव्हा जादा वजनाचे पैसे भरावे लागणार. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर तो प्रवासी सामान म्हणून घेतच नाहीत. असा खोका कार्गोनं परदेशी पाठवायचा असेल तर आतल्या पट्ट्याही प्लायच्याच घ्या. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम १५ या लाकडातली कीड रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमाखाली प्रक्रिया आणि शिक्का लागतो. प्लायला लागत नाही.

सतार

वरचं सगळं सतारीलाही लागू. फरक तीन. वरचा भोपळा आट्यांचा असतो, तो काढून वेगळा गुंडाळा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. तरफांसकट, म्हणजे मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या तारांसकट, अठरा-वीस तारा असल्यानं एकूण ताण मोठा असतो, म्हणून मुख्य तारांइतक्याच तरफाही उतरवा, दोन-तीन स्वर. पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात आणि प्रवासात सरकतात, तेव्हा दांडीच्या कडेला कागदाची अरुंद पट्टी धरून तिच्यावर पडद्यांच्या जागा टिपून ठेवा. पोचल्यावर अर्धा तास वाचतो.

पेटी

इथे पेटी म्हणजे हार्मोनिअम. बाहेरून काही मोडलेलं दिसत नाही आणि वाजवायला बसल्यावर एक सूर गप्प, दुसरा दाबला नसतानाही चालू. गप्प सुरात बहुतेकदा जिभेखाली, म्हणजे रीडखाली, कचरा गेलेला असतो. पाट उघडून पातळ कागदाची कड जिभेखालून हळूच फिरवा. सुरी किंवा टाचणी घातली तर सूर बदलेल. चालू राहणाऱ्या सुरात पट्टीची स्प्रिंग जागेवरून निसटलेली असते, किंवा झडपेचं चामडं वाकडं झालेलं असतं.

दोन्ही टाळायचं तर पट्ट्या उडता कामा नयेत. सगळे खटके बंद, भात्याची कडी घट्ट, भाता आणि खोड यांच्यामध्ये फोमची पट्टी. पट्ट्यांवर दुहेरी सुती कापड, त्यावर पट्ट्यांच्या लांबीइतका दोन सेंटिमीटर फोम आणि मग झाकण, म्हणजे पट्ट्या हलक्या दाबाखाली राहतील. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांचा अख्खा पाट सरकतो, तेव्हा तो खाचेत बसवून दोन्ही बाजूंना फोमच्या पाचरी घाला. दौऱ्यासाठी साधी पेटी असेल तर तीच न्या. स्केल चेंजरला विमान मानवत नाही. उभी ठेवू नका आणि केसवर बाण काढा. बाण सगळे पाळतील असं नाही, काही जण पाळतात.

तबला, डग्गा, पखवाज

डग्ग्याला पोच पडते आणि तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटते. पोच टाळायला डग्गा आणि तबला वेगवेगळ्या कप्प्यांत हवेत, मध्ये किमान पाच सेंटिमीटर ईपीई. एकाच पिशवीत शेजारी ठेवले की तबल्याचं जड खोड डग्ग्यावर आपटतं. पुडीसाठी गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, खालून वर ठोकून तबला दोन-तीन स्वर उतरवा. नाशिकच्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी चढवलेली पुडी केबिनच्या त्याहून कोरड्या हवेत आणखी ताणली जाते आणि गजऱ्याशी, म्हणजे कडेच्या विणीशी, फाटते. पावसाळ्यात उलट असतं, पुडी ओलसर आणि सैल. तेव्हा सिलिका जेलची दोन-तीन पाकिटं पुडीला न टेकता ठेवा. शाईवर कापडाची गोल चकती आणि त्यावर पुठ्ठ्याचं झाकण बांधा.

हातोडी केबिनमध्ये नेता येत नाही. ती, पक्कड, तार कापायची कात्री, स्क्रूड्रायव्हर हे सगळं चेक-इन सामानात. पण वाद्याच्या केसमध्ये नव्हे, कपड्यांच्या बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बरोबर याच्या उलट: त्या फक्त केबिनमध्ये.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक निघण्यापूर्वी पूर्ण खरवडून काढा. ओली राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि कातडं कुजतं.

व्हायोलिन आणि बासरी

ही वाद्यं केबिनमध्येच न्या, चर्चा नको. केबिन बॅगेचं प्रचलित माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आणि सात किलो. व्हायोलिनची आयताकृती केस ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे मापात बसत नाही. बहुतेक ठिकाणी सोडतात, पण भरवशावर राहू नका. कंपनीला आधी ई-मेल करून उत्तर छापून सोबत ठेवा. तारा अर्ध्या ते एका स्वरानं उतरवा, जास्त नाही: सगळ्या सैल झाल्या तर आतला खांब पडतो आणि तो बसवायला कारागीरच लागतो. घोडी आणि टेलपीसखाली कापडाची घडी, कमानीचे केस ढिले.

बासऱ्या तीन इंची पीव्हीसी पाइपमध्ये ठेवत असाल तर झाकणाला एक बारीक भोक पाडा. हवाबंद पाइपचं झाकण उतरल्यावर आत ओढलं जातं आणि उघडताना झटका बसतो.

ओझरहून निघायचं की मुंबईहून

वाद्य केबिनमध्ये येणार असेल तर ओझर, म्हणजे नाशिकचा विमानतळ, उत्तम. विमान लहान, एटीआर ७२ जातीचं, असेल तर मात्र डोक्यावरचे कप्पे लहान असतात आणि लांब केस जिन्यापाशीच मागून घेतली जाण्याची शक्यता असते. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

वाद्य सामानकक्षात जाणार असेल तर हातबदल मोजा. परदेशी जाताना ओझर ते मोठं शहर आणि तिथून पुढे, असं दोन विमानांत गेलं तर वाद्य दोनदा चढतं, दोनदा उतरतं, मध्ये एकदा ट्रॉलीवर उन्हात थांबतं. मुंबईहून थेट विमान घेतलं तर चढणं एकदा, उतरणं एकदा. रस्त्याचे चार तास जास्त जातात खरे, पण त्या चार तासांत वाद्य तुमच्या हातात असतं. तानपुरा-सतारीसाठी थेट विमान मिळत असेल तर रस्ताच धरा.

गाडीत केस मागच्या सीटवर आडवी, पट्ट्यानं बांधून. डिकीत नाही. उन्हाळ्यात इगतपुरीला चहाला थांबलात तर गाडी सावलीत लावा आणि एकानं गाडीपाशी थांबा. बंद गाडीचं आतलं तापमान उन्हात साठ अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि सरस मऊ पडायला तेवढं पुरतं.

तिकिटाआधी कंपनीला फोन करा. सामानाच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत सर्वसाधारणपणे चालते. सतारीची केस दोनशेच्या वर जाते, तानपुऱ्याची त्याहून. म्हणजे ते मोठ्या मापाचं सामान झालं. हे वाईट वाटतं, पण फायद्याचं आहे: असं सामान वेगळ्या काउंटरवर देता येतं आणि पट्ट्यांच्या जाळ्यात न जाता हातानं नेलं जाण्याची शक्यता वाढते. चेक-इनला गेल्यावर तुम्हीच त्या काउंटरची मागणी करा.

सतारीसाठी जादा सीट विकत घेता येते. ती संकेतस्थळावर सहसा मिळत नाही, फोनवरच घ्यावी लागते. सीट खिडकीची हवी आणि आणीबाणीच्या दाराच्या रांगेत चालत नाही. अमेरिकी कंपन्यांना २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार चढताना जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये घ्यावंच लागतं, आणि सीट विकत घेतली तर अटींत बसणारं १६५ पौंडांपर्यंतचं वाद्यही. भारतीय कंपन्यांशी तो नियम सांगून भांडण्यात अर्थ नाही; प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत.

महागडा जुना तानपुरा न्यायलाच हवा का, हेही एकदा विचारा. मैफिलीच्या शहरात भाड्यानं तानपुरा मिळत असेल तर जवारी चांगली लावणारा माणूस शोधण्यावर खर्च करा.

कागदपत्रं

शिसम हे लाकूड २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यानंतर तबले, पेट्या अडकायला लागल्या होत्या. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे सुटे भाग आणि साहित्य यांना सूट आहे. हस्तिदंत आणि सांबरशिंगाचं वेगळं. जुन्या वाद्यांची घोडी शिंगाची, नक्षी हस्तिदंताची असू शकते. असं वाद्य परदेशी नेऊ नका. घोडी दुसरी बसवून घ्या, नक्षी असेल तर वाद्य घरीच ठेवा.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाताना कातडं आणि भोपळा दोन्ही कागदावर जाहीर करा. डग्ग्याच्या चुंबळीतही गवत किंवा काथ्या असतो. तिथले लोक नेमकं तेच उसवून पाहतात. कापडी चुंबळ करून घ्या.

परत येताना वाद्य नवीन घेतलं असं समजून सीमाशुल्क लागू नये म्हणून जातानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. वाद्य चेक-इन करण्याआधी हे करायचं असतं, नंतर दाखवायला वाद्यच नसतं. फोटो, मापं आणि कारागिराचं किमतीचं पत्र सोबत ठेवा. बऱ्याच वाद्यांचा मोठा संच जात असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान शुल्काविना तात्पुरतं नेण्या-आणण्याचा कागद, हा मार्ग आहे. भारतात तो फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळतो.

काउंटरवर "नाजूक" असा टॅग लावताना त्याच्या मागे किंवा वेगळ्या कागदावर सही मागतात. वाचा. बऱ्याचदा ती सही म्हणजे नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नाही, अशी कबुली असते. वाद्याची किंमत मोठी असेल तर जादा मूल्य जाहीर करून शुल्क भरता येतं का, ते तिथेच विचारा.

उतरल्यावर

केस लगेच उघडू नका. गार जागेतून आलेल्या वाद्यावर दमट हवेचं पाणी धरतं. चार-सहा तास खोलीत बंद ठेवा. थंडीच्या देशात रात्रभर. बाहेरून केसला पोच दिसत असेल तर मात्र हा नियम मोडा. विमानतळाबाहेर पडण्याआधीच उघडा, केसमध्ये असतानाच फोटो काढा आणि तिथल्या काउंटरवर सामान-तक्रारीचा अहवाल लिहून त्याचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या कराराखालची भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे दीड ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान. देशांतर्गत प्रवासात ती वीस हजार रुपये आहे. पॅकिंगच कच्चं होतं असं कंपनीनं दाखवलं तर तेही हातात पडत नाही, म्हणून घरून निघताना उघड्या केसचा, आतला फोम दिसेल असा फोटो काढून ठेवा. त्यापुढची किंमत विम्यानं सांभाळायची; पॉलिसी घेताना चेक-इन केलेल्या वाद्याचं नुकसान तीत धरलंय का, एवढं एकच लेखी विचारा.

तारा एकदम सुरात आणू नका. पहिल्या दिवशी निम्म्यावर, दुसऱ्या दिवशी पूर्ण. मैफल त्याच संध्याकाळी असेल तर दर तासाला एक-एक स्वर चढवा.

तडा सापडलाच तर झटपट चिकटणारा डिंक लावू नका. तो भोपळ्यात मुरतो आणि मग कारागिराचा सरस तिथे धरत नाही. तुकडे, चिपा, अगदी कपचीसुद्धा पाकिटात जपून ठेवा. तारा उतरवा, तड्यावरून सुती पट्टी गुंडाळा आणि वाद्य आडवं ठेवा. दुरुस्तीत आतून कापडाची किंवा लाकडाची पट्टी बसवली की भोपळ्याचा आकार दोन-तीन मिलिमीटरनं तरी बदलतो, आणि जुनी वाटी त्याला नेमकी दुरुस्तीच्या जागी टोचते. म्हणून मिरजेहून वाद्य आलं की आधी वाटीचा फोम नवा कापा, भोपळ्यावर खडूची पूड लावून त्यात बसवा आणि उचलून पाहा. खडू जिथे दाट उमटला तिथे फोम अजून कापायचा आहे.